चिकटपट्टीखालचं नाव

परळ, रविवार संध्याकाळ

सभेहून आत्ताच आलो. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो; जुन्या पद्धतीचे पत्ते संपलेत, नवे कसे आणायचे, यावर आम्ही नेटवर्कवाले दादरला जमतो. नियम एकच: कुणीही आपल्या कंपनीचा माल पुढे करायचा नाही. दारातच लॅपटॉपवरच्या कंपनीच्या नावावर चिकटपट्टी लावतात. आज सगळ्यांच्या लॅपटॉपवर ती मीच लावली. माझ्याही.

मग मी पडद्यावर नवे पत्ते समजावत असताना लालबागची स्नेहल उठली. संपात गिरणी सुटल्यावर तिच्या बाबांनी चाळीत केबलचा धंदा काढला, आता त्याच चाळींना ती इंटरनेट देते. "सर, आमच्या जुन्या मशीनवर नवे पत्ते चालतील?"

चालतात. सॉफ्टवेअर बदललं की झालं. माहीत होतं मला. तरी म्हणालो, "नवीनच घे." आणि पडद्यावर दाखवलं आमच्याच कंपनीचं मशीन. नाव नाही घेतलं. म्हणजे नियम पाळला? कुणाला शेंडी लावतोय मी?

निघताना म्हणाली, "बरं झालं इथे विचारलं, सर. बाहेर जो तो आपलाच माल खपवतो."

मी हसलो. हसलो कसा?

फोन करून खरं सांगता येईल. पण मग मी कुणाचा माणूस, तेही सांगावं लागेल.

चिकटपट्टी अजून तशीच आहे.