झाकण

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल काल पोचलं. आत लाकडी पेटी एक, तीत कापसात गुंडाळलेला अंगठ्याएवढा चुंबक एक, आणि तुझी चिठ्ठी. सोडवायला एकशे चाळीस पडले. पोस्टातला कारकून म्हणाला, "आजी, लेकीनं वजनमापं पाठवलीत का?" तू लिहिलंयस की अवकाशातल्या दुर्बिणीसाठी केलेल्या चुंबकांपैकी हा उरलेला, बाबांच्या नावानं बाजूला ठेवला होतास, त्यांच्या घड्याळांपासून लांब ठेव. देवाच्या फळीवर ठेवलाय. आज दिवा लावायला गेले तर हातातल्या शिवणाची सुई टुणकन उडून त्याला चिकटली.

बाबा असते तर दिवसभर हसले असते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. कुणाचं घड्याळ पुढे पळायला लागलं की पहिला संशय चुंबकावर. "माझ्या पोरीनं वैऱ्याच्या घरी नोकरी धरली," असं गिऱ्हाइकांना सांगायचे आणि वर कौतुकानं चहा पाजायचे. तू सुट्टीत आली होतीस तेव्हा ओट्यापाशी उभी राहून समजावलं होतंस, आठवतं? दूरच्या ताऱ्यांचा उजेड आरशांनी गोळा करायचा, पण त्याच वाटेनं बारीक भारित कण घुसतात आणि दुर्बिणीचा डोळा खराब करतात. चुंबक त्यांना बाजूला वळवतो. उजेडावर भार नसतो, तो सरळ आत जातो. मी मॅट्रिक झालेली बाई, मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, वर झाकण घाल की! तू म्हणालीस, "अगं आई, मग उजेडही अडेल. दुर्बीण बघणार काय, झाकण?" आणि बाबा म्हणाले, "हिचं गाडं कुठूनही निघू दे, झाकणापाशीच येऊन थांबतं." मीही हसले होते तेव्हा.

चिठ्ठीच्या शेवटी तू विचारलंयस, बाबा असे एकाएकी गेले, माझ्यासाठी काही बोलले होते का. ठकू, ते एकाएकी गेले नाहीत. पाच महिने आजारी होते. घशाचं दुखणं, आवाज पार गेला होता. म्हणून तुझा फोन मीच उचलायची आणि "झोपलेत" म्हणायची. तेव्हा तुझ्या चुंबकांचा पहिला संच रॉकेटच्या हादऱ्यांच्या चाचणीत तडकला होता. दुसरा तयार होत होता आणि तू म्हणाली होतीस, आता चुकलं तर संपलंच. मला वाटलं, या घरातलं जड काही तुझ्यापर्यंत पोचता कामा नये. देवाला रोज सांगायची, हे खोटं माझ्या नावावर लाव, तिच्या नाही. ते गेल्यावर तू दोन दिवस आलीस, तेव्हाही जीभ उचलली नाही.

जाण्याआधी त्यांनी एक बंद पाकीट माझ्या हातात दिलं आणि पाटीवर लिहिलं, आजच टाक. त्यात 'येऊन जा' असंच असणार, अशी माझी खात्री. तू हातातलं टाकून निघाली असतीस. मी ते शिवणाच्या डब्यात दडवलं. जमाखर्चाची वही बाबा रोज बघायचे, म्हणून त्या दिवशी तीत लिहिलं, 'टपाल, तिकीट एक'. उभ्या संसारात वहीतली तेवढीच एक ओळ खोटी. मग रोज पोस्टमनच्या वेळेला ते खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे. एकोणीस दिवस बसले. पोस्टमन पुढे गेला की माझ्याकडे बघायचे, आणि मी भाजी निवडत बसायची.

काल तुझी चिठ्ठी वाचली आणि ते पाकीट पहिल्यांदा फोडलं. सोबत पाठवतेय. तीनच ओळी आहेत. "ठकू, मी आजारी आहे, आई सांगायची नाही. येऊ नकोस, काम पुरं कर. फक्त एवढं कळव, कण वळले का?" त्यात भार कसला तो नव्हताच ग. चुंबकाला जे कळतं ते मला कळलं नाही. मी झाकणच निघाले. क्षमा मागायला तोंड नाही. वर्षभर बोलली नाहीस तरी चालेल. ते गेल्यापासून वर्षभर मी तुला जेवलीस का, झोपलीस का एवढंच विचारत आले; त्यांचं विचारायचं राहिलं ते राहिलंच. दुर्बिणीत बसवले म्हणजे वळले असणार, एवढं मलाही समजतं. पण त्यांना ते तुझ्या अक्षरात हवं होतं. त्यांच्या खुर्चीपाशी बसून मोठ्यानं वाचीन. उत्तराचं पाकीट पत्ता घालून सोबत ठेवलंय, वर तिकीटही लावलंय. वहीतलं ते तिकीट आता खरं झालं. उलट टपाली तेवढं कळव, कण वळले का.

तुझीच,
आई