व्हॉल्व तापेपर्यंत

ता. ३ मार्च

चि. टिटवीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

नोकरीत कायम झालीस हे वाचून मी खोलीभर नाचले, गुडघ्यांना विचारलंसुद्धा नाही. पण तुझ्या बापाचे उद्योग ऐक. आजोबांचा अँप्लिफायर बिघडला होता, तो मेकॅनिककडून ‘नीट’ करून आणलाय. त्या कंपनीचं नाव आता कंपनीवाल्यांनाही आठवत नसेल, पण ह्यांनी घेतला तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली होती. दोघांनी उचलावा एवढा जड. आतले काचेचे व्हॉल्व तापून लाल झाल्याशिवाय गाणं सुरू व्हायचं नाही, आणि तेवढा वेळ हे खुर्चीतून हलायचे नाहीत की चिडायचे नाहीत. म्हणून जे काही मागायचं, कबूल करायचं, ते तेव्हाच, ही आपल्या घरची रीत. आत्याने तिचं लग्न तेव्हाच जुळवलं, तुझ्या बापाने नापास झाल्याचं तेव्हाच सांगितलं.

आता बाप म्हणतो, माझ्याकडे राहायला चल. मला नाही जायचं गं. तोंडावर सांगायला जीभ रेटेना, म्हटलं व्हॉल्व तापताना सांगू. बटण दाबलं, तोंड उघडलं, तर लगेच गाणं! मेल्याने आतलं सगळं उपसून नवं यंत्र बसवलंय, आणि व्हॉल्वच्या जागी शोभेचे दिवे! नवऱ्याच्या कोटात परका माणूस घुसवावा तसं झालं मला. मी आ वासून बसले, तर तुझ्या बापाला वाटलं आई खूश आहे. माझ्यासाठी खोली रंगवायला घेतलीय म्हणे!

अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच. राग तुझ्यावर नाही.

तुझी आजी

ता. ९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

बाबांना फोनवर झापलं. ते माझ्यावरच उखडले, म्हणाले आईला ताटकळावं लागू नये म्हणून केलं, त्याचं हे बक्षीस! जुनं सामान भंगारात गेलं का विचारलं, तर म्हणाले, गाडीच्या डिकीत आहे, टाकवेना. त्याच मेकॅनिककडून परत बसवून घ्यायला सांगितलंय. पण तू येणार नाहीस हे मी सांगणार नाही हं. आम्हाला एवढी दटावतेस, मग पोटच्या पोरासमोर का गारठतेस?

माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझी टिटवी

ता. २० मार्च

आगाऊ कार्टीस आशीर्वाद.

व्हॉल्व परत आले. काल बटण दाबलं, मी घसा खाकरला, तर बापच आधी सुरू झाला! पाळी माझी होती! म्हणाला, निवृत्त झाल्यापासून घर खायला उठतं, टिटवी लांब, तिची आई दिवसभर कामावर, दुपारी बोलायला कोणी नाही, म्हणून आई तू ये. मग हे आधी सांगायला काय धाड भरली होती? इतके दिवस माझ्या गुडघ्यांचं निमित्त करत होता लबाड! मी ठणकावलं, मी येणार नाही. चार गल्ल्या तर आहेत, दुपारी तू इकडे ये.

आज मी जरा आडवी झाले तोच हजर. बटण दाबलं आणि आजोबांच्या खुर्चीत बसून राहिला. मी वैतागून विचारलं, आता आणखी काय मागायचंय? म्हणाला काही नाही, तापू दे.

तब्येत सांभाळ, आणि बापाला हसू नकोस.

तुझी आजी