झाद्रुगार क्लबचा गैरहजर अध्यक्ष

यासेन्याक, १५ जून २००९

चि. तिहोमिर यास,
अ. उ. आ.

आपल्या क्लबचं नाव ३१ जुलैला फुटबॉल संघटनेच्या नोंदवहीतून कापलं जाणार आहे आणि ते फक्त तुला थांबवता येईल, म्हणून लिहिते आहे. फोनवर तू हसून विषय बदलतोस. कागदावर ते जमणार नाही.

संघटनेने सगळ्या क्लबांची नव्याने नोंदणी काढली आहे. जुन्या नोंदीतल्या अध्यक्षाने स्वतः तालुक्याच्या कचेरीत खिडकीशी उभं राहून सही करायची. झिवादिन अर्ज घेऊन ऐटीत गेला, तर तिथल्या मुलीने वही उघडून सांगितलं की झाद्रुगारचे अध्यक्ष तुम्ही नव्हेच, तिहोमिर स्तानोयेविच आहेत.

मी झिवादिनला विचारलं की एकोणीस वर्षं तू क्लब चालवतोस, मग तू कोण? म्हणाला, मी नुसता सांभाळतोय, पाव तर तिहोमिरने नेलाय.

आठवतंय ना? १९९०च्या पेत्रोव्दानला, क्लबच्या संताच्या सणाला, पाद्रीबुवांच्या हातून क्लबचा सणाचा पाव तू घेतलास. घेईल तो वर्षभर अध्यक्ष, आणि पुढच्या पेत्रोव्दानला त्यानेच नवा पाव भाजून दुसऱ्याच्या हाती द्यायचा. तू ऑक्टोबरात लिंझला गेलास. तेव्हापासून आपल्या शहाण्यांनी दुसरा पाव केलाच नाही. पहिला परत आल्याशिवाय दुसरा कसा द्यायचा म्हणे! दरवर्षी मेणबत्ती लावतात, मेंढी कापतात, जेवतात आणि घरी जातात. नवा अध्यक्ष निवडायला सभा लागते, आणि सभा बोलवायचा अधिकार नोंदीतल्या अध्यक्षालाच. मैदान क्लबच्या नावावर आहे. क्लब गेला की ते नगरपालिकेचं.

अर्जाला एक पानी इतिहास जोडायचा आहे. तो मी लिहिला. १९२९ साली सहकारी सोसायटीच्या नऊ माणसांनी दोन पोती गहू देऊन पहिला चेंडू आणला. महायुद्धात मैदानावर मका पेरला होता. पुढे दोन वर्षं चेंडू धसकटांवर फुटत राहिला. १९७७ साली विभागीय लीगमध्ये चढलो, तीस सामन्यांत चार जिंकून परत खाली. त्यानंतर उतरतच आलो. यंदा तालुक्याच्या लीगमध्ये शेवटचे. याखाली आता लीग नाही.

तारीख ठरवून कळव. सूनबाईंना आशीर्वाद. माया आहे म्हणूनच कडक लिहिते, हे लक्षात असू दे.

तुझी ताई,
विदोसावा


लिंझ, २४ जून

ती. ताईस,
तिहोमिरचा शि. सा. न.

तुझं पत्र उघडताना अजून वाटतं, आत लाल शाईने गुण दिलेले असतील.

इतिहासात एक चूक आहे. चार नव्हे, पाच सामने जिंकलो. पाचवा मेच्या शेवटच्या रविवारी, घरच्या मैदानावर. नव्वदाव्या मिनिटाला मी पेनल्टी अडवली आणि झिवादिन मला उचलायला गेला तर दोघंही चिखलात पडलो. तू कुणाच्या तरी लग्नाला गेली होतीस. तू पाहिलं नाहीस म्हणून ते घडलंच नाही, असं नको करू.

पावाचं ऐकून आधी हसलो, मग हसू आवरलं. मला वाटलं होतं वर्षभरात कुणीतरी पुढे होईल. मी तरी काय, नव्या ओव्हरकोटासारखा तो पाव मिरवत घरी नेला होता, आणि मग पुढच्या वर्षी तिकडे युद्ध सुरू झालं.

सध्या कामातून सुट्टी निघत नाही. ऑगस्टमध्ये बघतो. झिवादिनला म्हणावं, गोलाची जाळी तरी शिवून ठेव. तुझा राग कमी झाला तरी चालेल, लोभ तेवढा राहू दे.

तुझा धाकटा,
तिहोमिर


यासेन्याक, ३ जुलै

चि. तिहोमिर यास,
आशीर्वाद.

जुनी वही काढून पाहिली. पाच सामने बरोबर आहेत. दुरुस्ती केली.

बाकी तुझं पत्र खोटं आहे. तू दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालास, हे तुझ्या मुलीनेच नाताळच्या कार्डात लिहिलं होतं. निवृत्त माणसाला कसली सुट्टी? ऑगस्टमध्ये येऊन काय करशील, मैदानावर मोटारी कशा लावतात ते बघशील?

नोंदणीला चौदा खेळाडू लागतात आणि चौदा झाले आहेत. झिवादिन एकेका दारात गेला. पाद्रीबुवांचा जावई सेहेचाळिसाव्या वर्षी बचावफळीत उभा राहतोय. बायको म्हणाली, घरात तरी कुठे हलतो, तिथे उभा राहिला तर बिघडलं काय. दोघे तर नीशहून येणार आहेत. डॉक्टरांच्या तपासण्याही झाल्या. सगळं आहे, तू नाहीस.

बारा तारखेला पेत्रोव्दान. पाव बेकरीतून विकत आण, मी काही बोलणार नाही. पण ये. लिंझहून बस थेट चौकात थांबते. एका सहीपुरता ये आणि संध्याकाळच्या बसने परत जा. इतकं मागायचा हक्क मोठ्या बहिणीला असतो असं मी समजते.

विदोसावा


लिंझ, ११ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

आता सांगतोच. मार्चमध्ये माझा डावा पाय गुडघ्याखालून काढला. साखरेने. मुलीला मीच बजावलं होतं की ताईला कळवू नकोस.

आधी नुसती लाज होती. त्या गावाने मला वरच्या कोपऱ्यातला चेंडू काढताना पाहिलंय. चाकांच्या खुर्चीतून कोण उतरणार? पण तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा बायकोला म्हटलं, जाऊ दे लाज, तिकीट काढ. डॉक्टर म्हणाले, उजव्या पायाची जखम अजून उघडी आहे, एवढा प्रवास केलात तर तोही काढावा लागेल. मी म्हटलं, एका सहीसाठी जायचंय. ते म्हणाले, मग इथेच करा.

मुलीने वकिलातीतला माणूस घरी आणला. तुला माझ्या जागी सही करायचं अधिकारपत्र दिलंय, शिक्क्यासकट. बसच्या ड्रायव्हरपाशी पाठवतो. तो गुरुवारी चौकात देईल. त्याला कॉफी पाज.

रागावू नकोस. म्हणजे, रागव, त्याने मला बरं वाटेल.

तिहोमिर


यासेन्याक, १ ऑगस्ट

चि. तिहोमिर यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. प्रयत्न केला, जमलं नाही. तू मार्चपासून इस्पितळात होतास आणि मी ईस्टरला तुझा फोन आला नाही म्हणून तोंड फुगवून बसले होते.

अधिकारपत्र वेळेवर मिळालं. खेळाडूंची नवी ओळखपत्रं परवा हाती आली, म्हणून काल तालुक्याला गेले. झिवादिनने चौदाही जणांना गणवेश घालून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणलं. म्हणाला, खिडकीतल्या बाईंना डोळ्यांनी बघू दे की क्लब जिवंत आहे. पाऊण तास ते अंगणात उभे होते.

खिडकीतल्या मुलीने कागद दोनदा वाचला. मग सांगितलं की अशा पत्रावर मालमत्ता सुपूर्द करता येते, नोंदणी किंवा सभा मात्र नाही. त्याला अध्यक्ष स्वतःच हवा. मी तुझ्या पायाचं सांगितलं. तिने माफी मागितली, साहेबांना विचारून आली, परत माफी मागितली. अडतीस वर्षं मी वर्गात कुणाला मागे हटू दिलं नाही, पण त्या मुलीशी भांडायला काही सापडेना. ती उर्मट असती तर बरं झालं असतं.

बाहेर येऊन सांगितलं. झिवादिन खाली बघत म्हणाला, मग आता गणवेश उतरवायचे का.

क्लबच्या वस्तू तिथेच सुपूर्द कराव्या लागल्या. त्या यादीचा फॉर्म मुलीने मी काही सांगण्याआधीच भरायला घेतला होता, आणि बहीण आलीय म्हणजे भाऊ गेलेला असणार असं समजून तुझ्या नावाआधी दिवंगत लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं आणि शेजारी तिची सही घेतली. यादीची नक्कल खाली उतरवते. इतिहासाचं पान त्यांना नको होतं, ते या पाकिटात आहे.

पायाची काळजी घे. बर्फ पडण्याआधी मी लिंझला येते, सोफ्यावर झोपेन. तोवर आहे ती माया पुरवून वापर.

ताई

सुपूर्द यादी, ३१ जुलै २००९
क्लबचा शिक्का, रबरी: १
सभांची वही, १९४६पासून: ३
खेळाडूंची ओळखपत्रं, जुनी: २१२
खेळाडूंची ओळखपत्रं, नवी, न वापरलेली: १४
मैदानाच्या फाटकाची किल्ली: २
गोलाची जाळी, नुकतीच शिवलेली: २
देणार: विदोसावा स्तानोयेविच
अध्यक्ष: <s>दिवंगत</s> तिहोमिर स्तानोयेविच, हयात