उद्घाटनासाठी अडलेली खोली

मंगळवार, १८ नोव्हेंबर

राग अजून उतरलेला नाही. आमच्या उपकेंद्रात डोळे तपासायची खोली महिनाभर तयार आहे, पण दाराला रिबीन बांधून कुलूप घातलंय. का, तर साहेबांना उद्घाटनाला सवड नाही!

आज सत्तरीच्या हिराआक्का चाचपडत आल्या. "मॅडम, कोल्हापूरला दोनदा गेलते, नंबरच लागला न्हाय. हितंच बघा की."

परत पाठवायचं त्यांना? मी डोळे तपासायला नेमलेली, की रिबिनीची राखणदार? रिबीन सोडली, कुलूप काढलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनसाठी नाव घातलं.

संध्याकाळी वरून फोन. "कुणाच्या परवानगीनं उघडलंत?"

म्हटलं, "हिराआक्कांच्या."

नोटीस येईल. येऊ दे. उद्या नऊला खोली उघडणार.