खोक्याआडचा फासा

८ जानेवारी १९८४, रविवार

"आजी, बर्फ किती निसरडा?"
म्हटलं, त्या दिवशी हवा तितका.
ट्रूडीने कपाळावर हात मारून घेतला. "कॉम्प्युटरला असं चालत नाही गं! आकडा सांग."

आकडा! नऊ वर्षं दर रविवारी चर्चहून आलं की ह्याच स्वयंपाकघरात, ह्याच टेबलावर मी हा खेळ खेळवतेय. लांडग्यांचं रान, गोठलेलं तळं, तळ्याखालचा राजा. खेळणारा म्हणतो, मी अमुक करतो. मी फासा टाकते आणि पुढे काय झालं ते सांगते. संपलं. माझ्या मुलाने, ओरिनने, पहिल्यांदा हा खेळ विकत आणला तेव्हा आत तीन पुस्तकं होती, मुंगीएवढी अक्षरं. तो वाचायचा, मी ऐकायचे. पटलं ते ठेवलं, नाही पटलं ते विसरले. मला अक्षर येत नाही. लाकूडतोड्यांच्या छावणीत वाढले, आई त्यांचा स्वयंपाक करायची, दर हिवाळ्यात नवं रान. शाळा कुठली? आकडे मात्र पत्त्यांवर शिकले.

आणि आता ओरिनची पोर, ही ट्रूडी, माझा खेळ कॉम्प्युटरवर चढवतेय. मिलवॉकीची एक कंपनी म्हणाली, इस्टरच्या आत दिलात तर घेऊ. म्हणून माझी रोज उलटतपासणी.

हे लिहितेय शेजारची बर्नाडीन. अडतीस वर्षं मास्तरीण होती. मी बोलायचं, तिने लिहायचं, वही तिच्याच कपाटात राहायची. अट एकच— माझी वाक्यं सुधारायची नाहीत. ती म्हणते, "सुधारण्यापलीकडची आहेत." लिही, तेही लिही!

१० जानेवारी

कॉम्प्युटरला मार, पळ, उचल, उघड एवढंच कळतं. लांडग्याला गाणं म्हणून दाखवलं तर? कळत नाही.
ट्रूडी म्हणाली, "मम्मी गायची ना लांडग्यांना? तेवढं मी घालणारच."
मी तिला कॉफी ओतायला उठले. कप भरलेलाच होता.

१५ जानेवारी, रविवार

ओरिनने हिरव्या वह्या आणून टेबलावर आपटल्या. सात. नऊ वर्षांत मी सांगितलेला एकूण एक आकडा, तारखेसकट. छाती अशी फुगलेली, जशी काय वह्यांना पदकं लटकली आहेत.

आमचा नियम असा. कुणाच्या जिवावर बेतलं की फासा मी टाकायचा. ओट्सच्या खोक्याआड, खेळणाऱ्याला दिसू नये म्हणून. फासा वीस तोंडांचा, अक्रोडाएवढा, लाल. माझ्या डोळ्यांसाठी ओरिननेच शोधून आणलेला. मी डावखुरी, टाकते डाव्या हाताला. अकरा किंवा वर पडला तर वाचला. खाली पडला तर मेला.

ओरिनचा खेळातला शिकारी कधी मेला नाही. एकदाही नाही! "फासा माझ्यावर जीव टाकतो," असं शुक्रवारी मासे खायला जमलेल्या सगळ्या गावाला सांगतो. लढाईतून जिवंत आला, त्यानंतर कारखाना बंद पडला, बायको डुलुथला निघून गेली. उरलं काय? हा फासा.

"सांगितलेला आकडा," बर्नाडीनने पेन थांबवून विचारलं, "की पडलेला?"
लिही गं मुकाट्याने. सांगितलेला.

१७ जानेवारी

बर्नाडीनला खरं काय ते सांगितलं. तिने बिस्किटालाही हात लावला नाही.

१८ जानेवारी

ती म्हणते, मला सांगितलंस, आता वहीलाही सांग. बरं.

पहिल्याच रविवारी ओरिनच्या जिवावर बेतलं. खोक्याआड दोन पडला होता. मी वर पाहिलं. लढाईवरून आल्यापासून चार वर्षं हा मुलगा जेवताना ताटातून नजर वर काढत नव्हता. त्या दिवशी खुर्चीच्या टोकावर बसला होता. श्वास रोखून! मी म्हटलं, चौदा. तो हसला. चार वर्षांनी.

मग सोडवेना. दर वेळी वाटायचं, आजच्यापुरतं.

२९ जानेवारी, रविवार

ट्रूडीने सातही वह्या कॉम्प्युटरला भरवल्या. दुपारी माझ्यासमोर बसली, आवाज खाली.
"आजी, पप्पाच्या जिवावर एकसष्ट वेळा बेतलंय. निम्म्या वेळा तरी मरायला हवा होता तो."
म्हटलं, नशीब असतं एकेकाचं.
"एवढं नसतं." मग म्हणाली, "तू खोटे सांगायचीस का फासे?"
म्हटलं, बायबल आण, हात ठेवते.
"आणू?"
म्हटलं, मला वाचता येत नाही त्याची शपथ काय घ्यायची!
ती हसली. मीही हसले. आणि मग "नाही" म्हणाले. स्पष्ट. माझ्या नातीच्या डोळ्यांत बघून.

दुपारभर टोस्टर घासत बसले. माझ्या खुर्चीमागे ओट्यावर असतो तो. जिवाला घोर लागला की मी तोच घासते. त्यात तोंड दिसतं. आज दिसलेलं आवडलं नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

खेळाचा पहिला तुकडा तयार. पडद्यावर सगळी अक्षरंच अक्षरं. माझाच खेळ, आणि त्यात मी आंधळी! ट्रूडीने वाचून दाखवलं. ओरिन खेळला. कॉम्प्युटर फासा खरा टाकतो. लांडग्यांतच मेला. परत मेला. जेवणाआधी सातदा मेला.

पण तिथे मेलेला माणूस उठतो म्हणे. एक बटण दाबलं की मरायच्या आधीच्या जागी. मी विचारलं, मग पुन्हा वेगळं करता येतं? "हो आजी, हवं तितक्यांदा."
हवं तितक्यांदा.

ओरिन उठला. "तुझ्या ह्या डब्याला माझा हात ओळखता येत नाही. खरा फासा खरा असतो. विचार आईला." आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

१२ फेब्रुवारी, रविवार

ट्रूडीने आईला बोलावलंय. कॉरिन इस्टरला डुलुथहून येणार, खेळ बघायला. "शेवट बर्फावरचा ठेवतेय आजी, मम्मीची गाणारी जिथे बुडाली तोच. तिला समर्पण."

आता हेही सांगायला हवं. बर्नाडीन, दार लाव.

कॉरिन आमच्यात सगळ्यात चांगली खेळायची. माझ्यासमोरची खुर्ची तिची, ओट्याकडे तोंड करून. आता त्या जागी कॉम्प्युटर ठेवलाय. कधी तलवार नाही, मारामारी नाही. लांडगे आले की गायची, म्हणजे खरोखर, टेबलावर, मोठ्याने! सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तिची गाणारी बर्फावरून चालत तळ्यातल्या राजाच्या दारापाशी पोचली होती. ओरिन तीन वर्षं ज्याच्या मागे होता तो मुकुट तिच्या हाताशी. त्याच सकाळी ती ओरिनला म्हणाली होती, "इथे शूरवीर, आणि नोकरीचा अर्ज भरायला पेन सापडत नाही!" खरंच बोलली होती. माझ्या मुलाचं तोंड एवढंसं झालं.

बर्फ करकरला. मी फासा टाकला. सतरा.
मी म्हटलं, चार.

बस्स. बुडाली. कॉरिनने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. पेन्सिल खाली ठेवली, सगळ्यांचे कप विसळले, पुन्हा टेबलावर आली नाही. वसंतात घरातूनही गेली. पोरगी चौदा वर्षांची होती.

एका फाशाने संसार मोडत नाही, असं बर्नाडीन म्हणते. तिला काय माहीत. तिने खेळायचं तर नावच घेतलं नाही कधी.

२६ फेब्रुवारी

आठवडाभर ऊन. छपरावरून ठिबकतंय. गावच्या गोठलेल्या तळ्यावरची मासेमारीची खोपटी लोक ओढून किनाऱ्यावर आणायला लागले.

४ मार्च, रविवार

तळ्यावर एकच खोपटं उरलंय. कुणाचं ते सांगायला नको. आणि हा तिथे ट्रक घेऊन जातो! बर्फावरून, ट्रक!
म्हटलं, ओरिन, कडेला पाणी दिसतंय.
"आई, एकसष्ट वेळा वाचलोय मी. मला काही होत नाही."
थट्टेत नाही म्हणाला. थट्टेत म्हणाला असता तर मी झोपले असते.

६ मार्च

त्याला सांगितलं तर त्याच्याजवळ काय उरेल? नाही सांगितलं तर तो तरी उरेल का?
बर्नाडीन म्हणते, पहिला प्रश्न खोडू का. खोड.

८ मार्च, गुरुवार

सकाळी बर्नाडीनने गाडी काढली. ती चालवते म्हणजे आम्हाला मागे टाकून बदकं पुढे जातात. तरी पोचलो. ओरिनचा ट्रक किनाऱ्यावर, इंजिन चालू, तोंड तळ्याकडे. मी पुढे जाऊन उभी राहिले.

"आई, बाजूला हो. खोपटं आणायचंय, दहा मिनिटांचं काम."
"त्या एकसष्टांतल्या निम्म्या वेळा मी खोटं बोलले."
हसला. "थंडी लागलीय तुला. गाडीत बस."

मी कोटाच्या खिशातून लाल फासा काढला. त्याच्या ट्रकच्या नाकावर टाकला. उघड्यावर, खोक्याविना. सहा. पुन्हा टाकला. तेरा. पुन्हा. तीन. पुन्हा. नऊ. म्हटलं, मोज. किती वेळा मेलास? तो खाली उतरला. मी टाकत राहिले. बोटं गारठली, फासा दोनदा चिखलात पडला, दोन्ही वेळा त्यानेच उचलून माझ्या हातात दिला. विसाव्या वेळी त्याने माझा हात धरला.

"पहिल्यापासून?"
"पहिल्या रविवारपासून."

तळ्याकडे बघत उभा. मग एवढंच म्हणाला— "लढाईतून परत आलो, ते?"
"ते माझ्या हातात नव्हतं रे."

इंजिन बंद केलं. किल्ली माझ्या खिशात टाकली आणि चालत गेला. तीन मैल. आम्ही मागून गाडी नेली, त्याने वळून पाहिलं नाही. बर्नाडीनच्या वेगाने आम्हाला त्याला ओलांडायची भीती नव्हतीच.

कॉरिनचं तोंडाशी आलं होतं. गिळलं.

१० मार्च

खोपटं पहाटे बुडालं. शेगडी, खुर्ची, सगळ्यासकट. ट्रक माझ्या दारात उभा.

११ मार्च, रविवार

टेबलावर कुणी आलं नाही. मी ओट्सचं खोकं उभं केलं, मग आडवं केलं.

दुपारी ट्रूडी आली. पप्पाने तिला सगळं सांगितलंय. मी म्हटलं, तुझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणाले होते. "हो आजी, बघितलं मी." बसली नाही. म्हणाली, पप्पाने एकच मागितलंय. ह्या खेळात फासा पडद्यावर सगळ्यांसमोर पडला पाहिजे. आडोसा नको. कंपनी म्हणते, त्याने मजा जाईल. पप्पा म्हणतो, जाऊ दे.
विचारलं, रागावलाय?
"जेवला. ताटात बघून."

मग मी बर्नाडीनला डुलुथचा नंबर फिरवायला लावला. कॉरिन म्हणाली, "कोण?" मी एका दमात सांगून टाकलं. सतरा होता. मी चार म्हणाले. तू वाचली होतीस. ओरिनसाठी केलं, नाही, तुझ्यावर राग होता म्हणून केलं.

पलीकडे नळ चालू होता. मग बंद झाला.
"ठेवते, आई," म्हणाली.
अजून आई म्हणते! त्याचंच जास्त लागलं.

१४ मार्च

फोन नाही. टोस्टर घासला. दोनदा.

१८ मार्च, रविवार

कॉरिनचा फोन आला.
"सतरा होता, माहीत आहे मला. तुझ्या मागे तो टोस्टर नव्हता का? माझ्या खुर्चीतून त्यात सगळे फासे दिसायचे."
मी टोस्टरकडे वळून पाहिलं. मग विचारलं, ओरिनचेही?
"पहिल्या रविवारपासून. त्याला कधी सांगितलं नाही. तू त्याला वाचवताना बघायला मला आवडायचं, आई. त्या दिवशी मलाही वाचवशील म्हणून मी वाट बघत होते."