भुसावळला पटलेली ओळख

प्रिय मनोहरराव,

दचकलात ना? इतक्या वर्षांच्या संसारात तुमचं नाव मी फक्त उखाण्यात घेतलं, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. आज सरळ कागदावर लिहिते आहे. आता कोणाची भीड धरायची?

पत्राचं कारण सांगते. उद्या सेलूला तुमची शोकसभा आहे. अध्यक्ष कोण, तर नागपूरचे भाऊसाहेब! सकाळी त्यांचा माणूस येऊन सांगून गेला, "वहिनी, तुम्ही स्टेजवर बसजा. भाऊसाहेबाच्या बाजूलेच खुर्ची ठेवून राह्यलो तुमच्यासाठी." त्या खुर्चीवर बसायचं की नाही, हे ठरवायच्या आधी तुमच्याशी बोलून घ्यावं म्हटलं. जिवंतपणी तुम्हाला सवड कुठं होती!

तुमचा धंदा काय, असं कोणी विचारलं की मला सांगताच यायचं नाही. दुकान नाही, कारखाना नाही. दुसऱ्याच्या बर्फाच्या कारखान्यात भांडवल घालायचं, तिसऱ्याच्या मसाल्याच्या चक्कीत घालायचं आणि नफ्यात वाटा घ्यायचा. "मी धंदा नाई पाहत, माणूस पाहतो," असं तुम्ही छाती फुगवून सांगायचे. आणि माणसं पाहायला मग अधिवेशनं! लघुउद्योजकांचं पुण्याला, तेलवाल्यांचं इंदूरला. एकदा तर कोंबड्या पाळणाऱ्यांच्या परिषदेला जाऊन आलात. घरात अंडं चालत नव्हतं तुम्हाला! पण छातीवर बिल्ला लावायला मिळत होता आणि खिसा भरून व्हिजिटिंग कार्डं आणता येत होती.

आपला सुधीर टायफॉइडनं सेवाग्रामच्या दवाखान्यात पडला होता, आठवतं? तुम्ही हैदराबादला होतात. परत आल्यावर मी एवढंच विचारलं, का नाही आलात? तर माझ्यावरच उखडलात. "तू काऊन डोकं खाऊन राह्यली? डॉक्टरशी ओळख आहे माही. सांगून ठेवलं होतं त्याले." त्या डॉक्टरांनी मला हलक्या आवाजात काय विचारलं होतं सांगू? मुलाचे वडील हयात आहेत का म्हणून. मी हो म्हटलं. त्यांना ते खरं वाटलं नसावं.

घरातली पुढची खोली तुमच्या ओळखींची. तिथं आम्ही कोणी पाय ठेवायचा नाही. भाऊसाहेब आले की आठवडा आठवडा मुक्काम ठोकायचे. कोथिंबिरीची सांबारवडी त्यांना गरमच लागायची. "वहिनी, अजून दोन येऊ द्या," अशी आरोळी आली की मी पुन्हा कढई चढवायची. तुम्ही त्यांना माझं नाव तरी कधी सांगितलं होतं का हो? "ही आमची मंडळी," एवढ्यात तुम्ही मला उरकलंत.

आणि तुमचे ते प्रवासाचे सल्ले! कोणी नागपूरपर्यंत जरी निघाला तरी त्याला ओसरीत बसवून शिकवायचे. स्टेशनावरचं पाणी पिऊ नका, केळी खा. पिशवीवर नाव घालू नका, चोराला घर कळतं. शेजारच्या प्रवाशाला खरं गाव कधी सांगू नका. आणि आरक्षण? "ज्याची टीसीशी ओळख नाई, त्यानं करावं आरक्षण!" हे सांगताना तुम्ही स्वतःच केवढे हसायचे. ऐकणाराही हसायचा, कारण त्याच्या पोराला तुमच्याकडून भांडवल हवं असायचं.

तर ऐका आता, तुमच्या सल्ल्यांचं काय झालं ते. मुंबईच्या अधिवेशनाहून तुम्ही परत निघालात आणि गाडीत झोपेतच गेलात. भुसावळला पोलिसांनी खाली उतरवलं. आरक्षण नव्हतं, म्हणून यादीत नाव नाही. पिशवीवर नाव नाही. ओळखीचा टीसी त्या दिवशी रजेवर. शेजारच्याला तुम्ही रायपूरला जातो म्हणून सांगितलेलं, म्हणून पोलीस रायपूरला चौकशी करत बसले! खिशात कार्डं मात्र गठ्ठाभर. सगळी दुसऱ्यांची. तुमची तुम्ही अधिवेशनात वाटून संपवली होती.

तुम्ही आला नाहीत, याची मला काळजी वाटलीच नाही. तुमच्या न येण्याची घराला सवय होती. मग सेलूच्या ठाण्याचा शिपाई दारात आला. "वहिनी, साहेब मुंबईहून आले का जी? भुसावळले एक माणूस गाडीतून उतरवला म्हणते. कोटावर आपल्या सेलूच्या टेलरचं नाव आहे. उद्या दुपारपर्यंत कोणी नाई गेलं तर बेवारस म्हणून जाळतीन."

बेवारस! तुम्ही! सुधीरला घेऊन मी मिळेल त्या गाडीनं निघाले. बाकीचं आयुष्य कसंही गेलं असो, माझं कुंकू बेवारस म्हणून जळणार नव्हतं.

तिथं रेल्वे ठाण्यात तुमच्यावरची चादर बाजूला केली. तोंड उघडं होतं, जणू अजून कोणाला तरी काही समजावत होतात. आणि माझ्या मनात काय आलं असेल? आज पहिल्यांदा हा माणूस माझी वाट पाहत पडलाय. मला रडू आलं नाही. राग आला.

सुधीर बाहेर भिंतीला टेकून उलट्या करत होता. फौजदारानं कागद पुढं ओढला. "बाई, मयताचं नाव?" सवयीनं तोंडातून निघालं, "सुधीरचे बाबा." त्याला पुढचं ऐकूच गेलं नसेल. त्यानं लिहिलं, मयत – सुधीर. मी ते वाचलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून मी पोराला मारत होते! "खोडा ते!" मी ओरडले. "मनोहर! मनोहर बापूराव इंगोले! हे मनोहर आहेत!" सगळं ठाणं माझ्याकडं बघायला लागलं. त्यानं सुधीरच्या नावावर काट मारली, तेव्हा कुठं मला रडू फुटलं. तुम्हाला वाटलं असेल, तुमच्यासाठी रडतेय.

फौजदार भला माणूस. पाणी दिलं, मग म्हणाला, "बाई, त्या कार्डांवरच्या सगळ्यांना आम्ही ट्रंक कॉल लावले. कपाळावरचा व्रण, सोन्याचा दात, सगळं वर्णन सांगितलं. कोणीच ओळख दिली नाही. नागपूरचे एक साहेब तेवढे म्हणाले, असा एक जण अधिवेशनात चिकटला होता खरा, पण नाव आठवत नाही." कोण साहेब, मी विचारलं. त्यानं कार्ड माझ्यापुढं धरलं. भाऊसाहेब!

माणूस पाहून भांडवल घालत होतात ना? काय माणूस पाहिलात!

उद्या हाच माणूस तुमच्या फोटोला हार घालणार. गळा दाटून आल्यासारखं करणार. जिवलग मित्र म्हणणार. आणि लोक रुमाल काढणार.

तेव्हा ठरलं माझं. मी जाणार. स्टेजवरच्या त्या खुर्चीवर बसणार. भाऊसाहेब हात जोडून "वहिनी" म्हणतील, तेव्हा माईक जवळ ओढून सगळ्या सेलूला ऐकू जाईल असं विचारणार, "आपण कोण? नाव आठवत नाही." हे माझं तुम्हाला वचन.

पण हे तुमच्यासाठी करते आहे, असं समजून खूश होऊ नका. तुमच्यासाठी करायचं होतं ते भुसावळला करून झालं.

कुसुम