घाई वरच्या टोकाला होते

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आक्काचे आशीर्वाद. वि. वि. आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. तूही बायकापोरांसकट बरा असशील.

फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मलाही धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर तुला माहीत आहे. लागेल तसं लाव.

गोष्ट तुझ्या भाचीची आहे. आमचे मास्तर, तुझे दाजी, गेल्यापासून इथे सरावाच्या मैदानावर गोल्फ शिकवायला कोणी नाही. ऑफिसने आता ठरवलंय की पुढच्या महिन्यात परीक्षा घ्यायची आणि त्यातून माणूस नेमायचा. बाहेरचेही येणार. सेक्रेटरींनी मला बोलावून सांगितलं की पोरीनेही परीक्षा द्यावी, बापाने तयार केलेली आहे. तिला घेतलं तर शेडमागची ही खोली आमच्याकडे राहील. नाही घेतलं तर खोली नव्या मास्तरांना द्यावी लागेल, मग तुमचं तुम्ही बघा. हे सगळं ते पंख्याकडे बघत बोलले. मी बरं म्हटलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. खाली आले आणि चेंडू धुवायला लागले.

परीक्षेत म्हणे लांब मारण्याला किंमत नाही. पहिला फटका जसा, तसाच शेवटचा हवा. आणि पोरीचं नेमकं तेच गेलंय. काठी वर नेते तोवर ठीक. वर गेली की कोणी मागून ढकलल्यासारखी खाली येते. एक चेंडू उजवीकडच्या जाळीत, दुसरा डावीकडे, तिसऱ्याला काठी चटईवरच आपटते. मास्तर दिवसभर टेम्पो टेम्पो करायचे, तेव्हा मला आपली सामान वाहायची गाडीच डोळ्यापुढे यायची. आता कळतंय त्यांना फटक्याची लय म्हणायची होती. पण विचारू कोणाला? माझ्या लग्नाआधीपासून तू त्यांच्याबरोबर खेळणाऱ्यांच्या थैल्या वाहिल्यास, तुला काहीतरी ठाऊक असेल. असेल तर लिही. नसेल तर तसं लिही, उगाच पानं भरू नकोस.

मी माझ्याकडून करते ते करते. रोज सकाळी मास्तरांच्या काठ्या पुसून तिच्या चटईपाशी उभ्या करते. तिला त्याच हव्यात. एकदा त्यांच्या थैलीतली काठी काढून हातात धरून उभी होती, तेव्हाच मी ओळखलं. तिची स्वतःची थैली पलंगाखाली सरकवली. त्यांच्या काठ्यांचा आवाज मात्र जड आहे. तो सुरू झाला की मी चेंडूंच्या टोपल्या जरा जोरात आपटते.

माझं विचारशील तर मला काही होत नाही. सेक्रेटरींची बायको येऊन बसली होती, मी रडते का ते बघायला. तीच रडली. मी कप विसळले.

चालढकल करू नकोस. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी आक्का


११ फेब्रुवारी

ती. आक्कास,
धाकट्याचा सा. न. वि. वि. पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून ओल्या अंगणातून कोंबडी फिरल्यासारखंच आहे. हिने ते आधी वाचलं, मग मी, मग दोघांनी मिळून उरलेलं लावलं. आणि आक्का, त्यांना क्लब म्हणतात. काठी गुरं हाकायची असते. दाजी सांगून सांगून दमले.

पोरीचं वाचून वाईट वाटलं, पण हा रोग जुना आहे. मलाही दाजींनी फावल्या वेळात शिकवायचा प्रयत्न केला होता. मी क्लब वर नेला की लगेच चेंडूवर तुटून पडायचो. ते म्हणायचे, घाई खाली होत नाही, वरच्या टोकाला होते. तेव्हा मला ते डोक्यावरून गेलं. गोदीत क्रेनवर बसायला लागलो तेव्हा उमजलं. दोराला ओझं झुलत असतं. एका टोकाला गेलं की तिथे ते क्षणभर आपलं आपण थांबतं. नवखा गडी तेवढ्यात घाबरतो, आता हे परत येणार नाही असं त्याला वाटतं, आणि खेचतो. मग सगळंच हेलकावतं आणि खालची माणसं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

दाजींनी मला एक युक्ती दिली होती. वर नेताना मनात लांब म्हणायचं, जाऽऽऊ दे. खाली येताना एकच शब्द, चल. तू तिच्या मागे उभी राहून ते म्हण. फक्त तुझ्या नेहमीच्या आवाजात म्हणू नकोस. तुझ्या आवाजाने आमच्या घरातलं दूधसुद्धा घाईने उतू जायचं. कोणाचा तरी उसना आण.

रडू येत नसेल तर नको येऊ देऊस. तिथे काही हजेरी लावायची नाहीये. सेक्रेटरींच्या बायकोला पुढच्या वेळी कप विसळायला लाव.

पोरीला आशीर्वाद. आमच्यावर माया असते तेवढी असू द्यावी.

तुझा धाकटा


२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. वि. वि. तुझी युक्ती पाण्यात गेली.

उसना आवाज कुठून आणू? माझं जाऊ दे संपायच्या आत तिची काठी वर पोचलेली असते. मी आवरतं घेतलं तर ती अजून घाई करते. परवा एक म्हातारे सभासद शेजारच्या चटईवरून म्हणाले की तुम्ही मोजताय का भांडताय. मी त्यांना तुमचा चेंडू मारा म्हटलं.

पोर उलट बोलत नाही, हेच मला खटकतं. आधी तोंडाला तोंड द्यायची. बापाशी तर रोज वाजायचं. आता बरं आई म्हणते आणि पुढचा चेंडू घेते. संध्याकाळी हाताला फोड आलेले असतात. मी मलम लावते. ती भिंतीकडे बघते, मी तिच्या हाताकडे. दोघी जेवतो आणि झोपतो. दिवस जातात, बाकी काही नाही.

परीक्षा दहा मार्चला आहे. खोली सोडावी लागली तर काय, याचा विचार करायला बसते आणि विचारच येत नाही. सामान किती आहे ते बघते आणि उठते. डोक्यात कापूस भरल्यासारखं झालंय.

तुझ्याकडे अजून काही असेल तर कळव. नसेल तर दोन ओळी लिही म्हणजे पत्र आलं असं होईल. आठवण ठेव.

तुझी आक्का


२६ फेब्रुवारी

ती. मामास,
भाचीचा शि. सा. न. वि. वि. आई तुला लिहिते हे मला माहीत आहे. पोस्टात टाकायला पत्रं मीच नेते. उघडून वाचत नाही, शपथ. पण माझ्याबद्दलच लिहीत असणार.

तुला खरं सांगते. बिघडलंय ते बाबांच्या क्लबमुळे. ते मला लांब आणि जड पडतात. वर नेला की वाटतं हा आता तिथेच राहणार, मग मी सगळं अंग लावून ओढते. बाबा असते तर त्यांनी ते मला हातसुद्धा लावू दिले नसते. ते म्हणायचे, दुसऱ्याच्या मापाचा क्लब म्हणजे दुसऱ्याची चप्पल. ते गेल्यावर मी एकदाच त्यांचा एक क्लब बाहेर काढला होता. मुठीवर त्यांच्या अंगठ्याची जागा झिजलेली आहे, ती बघायची होती. एवढंच. दुसऱ्या दिवशी बघते तर आईने सगळा संच पुसून माझ्या चटईपाशी मांडलेला, आणि माझा पलंगाखाली.

मी काय बोलणार? ती दिवसभर लाकडासारखी असते रे. कोणी हाक मारली तरी उशिरा वळते. फक्त सकाळी ते क्लब पुसताना जरा माणसात असते, फडकं कसं धरते ते बघायला हवंस. तेवढंही मी काढून घेऊ? तिला त्यांचा आवाज ऐकायचा असणार. परीक्षा हातची गेली तर गेली. पण मग खोलीही जाईल, आणि या खोलीतून तिला बाहेर काढून मी कुठे नेऊ, हे मला सुचत नाही.

तू आईला यातलं काही सांगू नकोस. मामीला नमस्कार. माझ्यावर लोभ ठेव, सध्या मला तो लागतोय.

तुझी भाची


१ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि. आज थट्टा करत नाही.

मी चुगली करतोय. पोरीने मला सांगू नको म्हणून बजावलंय आणि मी सांगतोय. नंतर ती काय बोलायचं ते मला बोलेल.

तिला दाजींचे क्लब नको आहेत. कधीच नको होते. ते तिच्या मापाचे नाहीत, म्हणून ती वरच्या टोकाला घाबरते आणि खेचते. कितीही जाऊ दे म्हटलंस तरी ते थांबणार नाही. ती ते वापरते, कारण तू रोज पुसून मांडतेस. तिला वाटतं तुला तो आवाज हवाय. आणि तू मला पहिल्याच पत्रात लिहिलंस की तो आवाज सुरू झाला की तू टोपल्या आपटतेस. मी तेव्हा वाचलं आणि पुढे गेलो, क्रेनच्या गप्पा मारत बसलो. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दोघी मिळून एक ओझं वाहताय आणि ते दोघींनाही नकोय. खाली ठेवा.

दिवस थोडे उरलेत. रागव, पण पत्र वाचून झाल्याबरोबर उठ. काही झालं तरी इथे तुमच्यासाठी जागा आहे. हिनेच लिहायला सांगितलंय, मी आपल्या मनाने लिहीत नाही. माया असावी.

तुझा धाकटा


११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचून तुझाच राग आला. लांबून शहाणपण शिकवतो म्हणून. मग लक्षात आलं की राग आलाय. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं. तशीच उठले.

पोर चटईवर होती. मी मास्तरांची थैली उचलली आणि पलंगाखालची तिची आणून ठेवली. तिला म्हटलं, या गड्याच्या काठ्या आहेत, तू गडी नाहीस, आणि मला त्यांचा आवाज सोसत नाही. ती म्हणाली, मलाही नाही. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तू का नाही बोललीस? शेजारचे म्हातारे सभासद ऐकत होते, त्यांना मी तुमचा चेंडू मारा म्हटलं. मग कामाला लागले. गळ्यात पडणं वगैरे आमच्यात होत नाही, तुला माहीत आहे.

लगेच काही सुधारलं नाही. जडाची सवय झालेली, तर हलकी काठी वर भिरकावली जायला लागली. पहिल्या दिवशी आधीपेक्षा वाईट. दुसऱ्या दिवशी तिचं ती पुटपुटायला लागली, तेच, तुझं जाऊ दे. मी मागे उभं राहणं सोडून दिलं होतं. नंतर एका सकाळी मी फुटके चेंडू निवडत बसले होते आणि लक्षात आलं की बराच वेळ मान वर केलेली नाही. आवाज येत होता, जात होता, एकसारखा. मधे एक उसंत, मग टक्. पुन्हा उसंत. मी बघायला उठले नाही. निवडत राहिले.

काल परीक्षा झाली. बाहेरून आलेल्यांत एक उंच गडी होता, त्याने पहिलाच चेंडू पलीकडच्या जाळीवरून घालवला. लोकांनी वा म्हटलं. त्याचा पुढचा ऑफिसच्या भिंतीवर आपटला. पोरीचा एकही लांब गेला नाही. पण कोणी ताटं मांडावीत तसे सगळे एकाच जागी जाऊन पडत होते. मग तिने एका बाईंना शिकवून दाखवलं. त्या बाई दातओठ खात मारत होत्या. पोर त्यांच्यावर ओरडली नाही. ते तिने माझ्याकडून घेतलेलं नाही.

दुपारी सेक्रेटरींनी मला वर बोलावलं. तिला घेतलंय, म्हणाले. सुरुवातीला तात्पुरतं, पण खोली राहील. या वेळी पंख्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते, मी काही बोलेन म्हणून. मी बरं म्हटलं आणि निघाले.

आणि धाकट्या, मी सरळ शेडच्या टोकाच्या दुरुस्तीच्या खोलीत गेले. मास्तर दुपारचे तिथेच असायचे, काठ्यांच्या मुठी बदलत. पाय आपणच गेले. दार ढकललं, अहो ऐकलंत का, पोरीला घेतलं, एवढं मोठ्याने बोलूनही झालं. आत स्टूल होतं. गोंदाचा डबा होता, त्याचं झाकण उघडंच राहून सगळा गोंद वाळलेला.

मी त्यांना सांगायला गेले होते. पोरीला अजून कोणी सांगितलंही नव्हतं, आणि मी आधी त्यांना सांगायला गेले होते.

स्टुलावर बसले. मग जे झालं ते मला आवरेना. एवढं कुठे साठलं होतं कोण जाणे. पोर शोधत आली, तिने माझं तोंड बघितलं आणि समजली की आपल्याला नाही घेतलं. माझ्याजवळ खाली बसली. म्हणाली, असू दे आई, मामाकडे जाऊ, तिकडे काहीतरी बघू, मी आहे ना. रडता रडता मला बोलता येईना. मी मान हलवून सांगत होते, अगं घेतलंय, घेतलंय, आणि ती आपली माझे डोळे पुसत मलाच समजावत होती. मी तिला बराच वेळ समजावू दिलं.

तुझ्या बायकोला सांग, जागा ठेवलीत हे लक्षात राहील. पोर तुला चुगलीबद्दल वेगळं पत्र लिहिणार आहे, तयारीत राहा. आहेस तसा आमचा राहा.

तुझी आक्का